खुलं पत्र: डॉक्टर साहेब, पुडीवर औषधाचं नाव लिहा

प्रति,
आमच्या तालुक्यात दवाखाना चालवणारे समस्त फॅमिली डॉक्टर आणि त्यांची असोसिएशन

सप्रेम नमस्कार.

मागच्या बाजारच्या दिवशी मी गावी होतो, आईच्या कामासाठी तालुक्याच्या गावात तीन दवाखाने फिरलो आणि तिन्हीकडे औषधाच्या खिडकीवर एकच बोर्ड दिसला, निळ्या अक्षरातला, एकाच प्रेसमध्ये छापलेला. ‘औषधे दवाखान्यातूनच मिळतील. चिठ्ठी लिहून हवी असल्यास ५० रुपये वेगळे.’ तिन्हीकडे सेम बोर्ड म्हणजे तुमच्या मीटिंगमध्येच ठरलेलं असणार. तेव्हा एकाला गाठून बोलण्यात अर्थ नाही, सगळ्यांनाच लिहितोय आणि उघड लिहितोय, कारण जे आमच्या घरी झालं ते या तालुक्यात कुणाच्याही घरी होऊ शकतं.

आधी आमच्या घरचं सांगतो.

आई ६८ वर्षांची. गुडघे दुखतात, आयुष्यभर भांगलण खुरपणी केलेल्या बाईचे दुखणारच. अडीच वर्षांपासून तिचं तुमच्यातल्याच एकांकडे औषध चालू होतं. दर सोमवारी एसटीने जायचं, नंबर लावायचा, शंभर रुपये द्यायचे आणि सात दिवसांच्या पुड्या आणायच्या. आणि गुण पण येत होता हो, खोटं कशाला बोलू. पहिल्या आठवड्यातच म्हातारी जिना चढायला लागली. गावात सांगत फिरायची, डॉक्टरच्या हाताला गुण आहे म्हणून. नंतर नंतर तर तब्येतही भरली, चेहरा गोल झाला, शेजारच्या काकू म्हणायच्या ‘काय बाई गरगरीत झालीया, सून चांगलं खायला घालती वाटतं’. माझी बायको पण खूश. वर्षभराने शुगर निघाली, मग पुडीत आणखी एक गोळी वाढली. कुणालाच काही वेगळं वाटलं नाही, वय झालं की शुगर निघतेच.

या मे महिन्यात नातवाला सुट्टी म्हणून ती पुण्याला आमच्याकडे आली. आठ दिवसांसाठी आली होती, मुक्काम लांबला. पुड्या संपल्या. मी म्हटलं इथल्या मेडिकलमधून आणतो, नाव सांग. ती म्हणाली ‘नाव मला काय ठाव, पांढरी हाय, एक पिवळी अर्धी हाय. राहू दे, गावी गेल्यावर घीन.’ मी पण सोडून दिलं. चौथ्या दिवशी जेवण बंद. आम्हाला वाटलं ऊन लागलं, आंबा जास्त झाला. मग उलट्या. सहाव्या दिवशी सकाळी बाथरूममध्ये पडली, उचललं तर अंग गार आणि बोलणं बरळल्यासारखं.

हॉस्पिटलला नेली तेव्हा बीपी ८० वर ५०, रक्तातलं सोडियम खाली गेलेलं. कॅज्युअल्टीतल्या पोराने (डॉक्टरच, पण पोरगाच दिसत होता) पहिला प्रश्न विचारला, आजींना कुठल्या गोळ्या चालू आहेत. मी म्हटलं गुडघ्याच्या. नाव? नाव माहीत नाही. चिठ्ठी? चिठ्ठी नाही. स्ट्रिप, रिकामं पाकीट, काहीतरी? काहीच नाही. मी गावाला भावाला फोन लावला, त्याने घर धुंडाळलं, देव्हाऱ्यामागच्या डब्यात एक जुनी पुडी सापडली, तिचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. तो फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. कॅलेंडरच्या कागदाचा चौकोनी तुकडा, मागे कुठल्यातरी महिन्याची एकादशी छापलेली, आणि आत एक बारीक पांढरी गोळी, एक पिवळी अर्धी कापलेली आणि एक मोठी, तिचा कोपरा भुगा झालेला. तो डॉक्टर फोटो झूम करून करून बघत होता, गोळीवर काही अक्षर दिसतंय का म्हणून. आयसीयूच्या दारात आम्ही चौघंजण एका पुडीच्या फोटोवर डोकं लावून उभे होतो.

मग मोठ्या मॅडम आल्या. त्यांनी फोटो नीट बघितलाच नाही, आईचा चेहरा बघितला, बाही वर करून दंडावरचे जांभळे डाग बघितले आणि मला विचारलं ‘यांचा चेहरा असा गोल कधीपासून झालाय?’ मी सांगितलं दोनेक वर्षांत तब्येत सुधारलीय. त्या म्हणाल्या ही सुधारलेली तब्येत नाही, बहुतेक स्टिरॉइड आहे.

त्यांनी समजावलं ते माझ्या भाषेत सांगतो. शरीर स्वतः रोज कॉर्टिसॉल नावाचं हार्मोन तयार करतं, ते म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइडच. बाहेरून रोज स्टिरॉइडची गोळी मिळत राहिली की काही आठवड्यांत शरीर म्हणतं मग मी कशाला बनवू, आणि आतला कारखाना बंद पडतो. अशा माणसाची गोळी एका दिवसात बंद केली की बाहेरून पण नाही आणि आतून पण नाही. बीपी पडतं, उलट्या होतात, माणूस जाऊ पण शकतो. म्हणून ती गोळी हळूहळू कमी करत आणावी लागते, आपल्या मनाने थांबवायची नसते. आणि हेच स्टिरॉइड शुगर वाढवतं, हाडं ठिसूळ करतं, चेहरा सुजवतं. कॉर्टिसॉलच्या तपासणीला रक्त पाठवलं पण रिपोर्टची वाट न बघता त्यांनी स्टिरॉइडचं इंजेक्शन चालू केलं, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी आईने चहा मागितला. रिपोर्ट नंतर आला, कॉर्टिसॉल जवळजवळ नव्हतंच. चार दिवस आयसीयू, बिल ८७ हजार. पण मॅडम होत्या म्हणून निभावलं, त्यांच्या जागी दुसरं कुणी असतं तर उलट्या जुलाब समजून नुसत्या सलाईनवर ठेवलं असतं, असं तो पोरगा डॉक्टर स्वतः म्हणाला.

आता तुम्ही म्हणाल पुरावा काय. बरोबर आहे, पुरावा नाही. पांढरी गोळी कसली होती हे आजही कुणालाच छातीठोक सांगता येत नाही, कारण तिला नावच नाही. मी त्या दवाखान्यात गेलो होतो, भांडायला नाही, फक्त नाव विचारायला, कारण पुण्याच्या मॅडमना किती डोस चालू होता ते कळलं असतं तर पुढचं सोपं झालं असतं. मला उत्तर मिळालं, साधी पेनकिलर होती, सोबत व्हिटॅमिन. कुठली पेनकिलर? ‘अहो, दिवसाला शंभर पेशंट, दोन वर्षांचं कुठं ध्यानात राहणार.’ रजिस्टर? डॉक्टर नुसते हसले, आणि कंपाउंडरने पुढचा नंबर पुकारला. म्हणून मी कुणाचं नाव घेऊन आरोप करत नाहीये. ज्या गोळीपायी माझी आई मरता मरता वाचली तिचं नाव मी सांगू शकत नाही, ही माझी पहिली तक्रार.

दुसरी तक्रार सुट्या गोळ्यांची. तुम्ही हजार गोळ्यांचा डबा आणता, त्यातून मोजून कागदात बांधता. डब्यावर नाव असतं, बॅच नंबर असतो, एक्सपायरी असते, पुडीवर काय असतं? एकादशी. पावसाळ्यात आमच्या घरात मिठाला पाणी सुटतं, तिथं उघडी गोळी आठ दिवस कागदात राहून काय होत असेल हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. आणि शुगरच्या काही गोळ्या दिवसभर हळूहळू विरघळतील अशा बनवलेल्या असतात, त्या मोडायच्या नसतात, हे मला हॉस्पिटलच्या फार्मासिस्टने सांगितलं. तुमचा कंपाउंडर कात्रीने सगळंच अर्धं करतो.

तिसरं, दोन दिवसांचं औषध. ताप आला की दोन दिवसांच्या पुड्या, बरं नाही वाटलं तर परत या. त्यात अँटिबायोटिक असतं की नाही हे पण आम्हाला कळत नाही. असेल तर ते दोन दिवसांत उतार पडला म्हणून आम्हीच बंद करतो, कारण कोर्स पुरा करायचा असतो हे कुणी सांगितलंय, नाव माहीत असतं तर निदान विचारलं असतं. वर एक सुई आहेच. सुई कसली? ‘ताकदीची.’

चौथं म्हणजे सल्ला. औषध कसं घ्यायचं हे सांगणं पण औषधच आहे ना? खिडकीतून कंपाउंडर ओरडतो ‘लाल सकाळी, पांढरी दोन्ही टायमाला, जेवून’, मागे लाईन उभी असते, आईसारखी बाई हो हो म्हणते आणि बाहेर आल्यावर एसटीत शेजारणीला विचारते लाल म्हणजे ही का ती. माझ्या मावशीला लिहिता वाचता येत नाही, तिची स्वतःची सिस्टीम आहे, बीपीची पुडी पदराच्या डाव्या टोकाला आणि शुगरची उजव्या. एकदा लुगडं उलटं नेसली तर काय होईल असं आम्ही चेष्टेने म्हणायचो. आता चेष्टा सुचत नाही.

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. गावाकडच्या पेशंटला नुसती चिठ्ठी दिली तर तो म्हणतो कागदाचे शंभर रुपये कसले, गोळ्या द्या. मेडिकल नऊ किलोमीटरवर, रात्री बंद. चिठ्ठी दिली की तीच चिठ्ठी घेऊन लोक सहा महिने परस्पर मेडिकलमधून औषध आणतात, शेजाऱ्याला पण देतात, हे खरं आहे, आमच्या भावकीतच एकजण करतो. शिवाय कोविडमध्ये मोठी हॉस्पिटलं फोन उचलत नव्हती तेव्हा तुमच्यातलेच दोघं तिघं पीपीई किटच्या नावाखाली रेनकोट घालून घरोघर गेले, ते आम्ही विसरलेलो नाही. म्हणूनच तर हे पत्र तुम्हाला आधी लिहितोय, तक्रार अर्ज नाही लिहिला.

पण पेशंट चिठ्ठीचा गैरवापर करतो म्हणून चिठ्ठीच द्यायची नाही हे म्हणजे ढेकणासाठी घर जाळणं झालं. तारीख घाला, किती दिवसांचं ते लिहा, ‘पुन्हा देऊ नये’ लिहा. आणि दवाखान्यातून औषध देऊ नका असं मी म्हणतच नाहीये, द्या, खुशाल द्या, फक्त काय देताय ते सांगून द्या.

आणि हे मी मनाचं सांगत नाही, कायद्यात आहे. मी काही वकील नाही, पण आई ॲडमिट होती तेव्हा रात्री बाकड्यावर बसून वाचत होतो, दुसरं काय करणार. १९४५ चे ड्रग्ज रूल्स आहेत (आधी त्यांना ड्रग्ज अँड कॉस्मेटिक्स रूल्स म्हणायचे), त्यात शेड्यूल के म्हणून एक भाग आहे, त्याच सवलतीवर तुमची खिडकी चालते. मेडिकलचं लायसन्स नसताना डॉक्टरने स्वतःच्या पेशंटला औषध द्यायला तिथं परवानगी आहे. पण त्या सवलतीला अटी आहेत. औषध लायसन्सवाल्याकडूनच घ्यायचं आणि बॅच नंबरसकट खरेदीची नोंद ठेवायची. शेड्यूल एच मधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकता येत नाही असं औषध असेल (स्टिरॉइड, बरीचशी अँटिबायोटिक यातच येतात), तर त्यावर डॉक्टरचं नाव पत्ता आणि डोस लिहिलेलं लेबल हवं, आणि औषधाचं नाव, पेशंटचं नाव, तारीख हे देतानाच रजिस्टरमध्ये लिहायचं. देतानाच, नंतर आठवून नाही. म्हणजे मी जे मागतोय ते नवीन नाहीच, नियमात आधीपासूनच आहे हे.

चिठ्ठीचं पण तसंच. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या एथिक्सच्या नियमात २०१६ ला बदल झाला, त्यात लिहिलंय की औषध जेनेरिक नावाने, वाचता येईल असं आणि शक्यतो कॅपिटल अक्षरात लिहावं. २०२३ ला नवीन नियम आले होते पण त्याच महिन्यात स्थगित झाले, म्हणजे जुनेच चालू. तुमच्यात एमबीबीएस आहेत, बीएएमएस, बीएचएमएस आहेत, कुणी ॲलोपॅथी द्यावी आणि कुणी नाही हा वाद वर मुंबईत चालू दे, मला त्यात पडायचं नाही. जो कुणी गोळी देतो त्याने तिचं नाव लिहावं, डिग्री कुठली का असेना.

सरकारी दवाखान्याला आपण नावं ठेवतो. औषध नाही, डॉक्टर जागेवर नाही, सगळं खरं. पण तिथं केसपेपर मिळतो. २०२३ च्या १५ ऑगस्टपासून तर तो पण फुकट झाला. त्या कागदावर कसल्याही किरट्या अक्षरात का होईना औषधाचं नाव असतं, आणि तो कागद घेऊन माणूस पुण्याला, मिरजेला, कुठंही जाऊ शकतो. शंभर रुपये देऊन आम्हाला तेवढं पण मिळत नाही, आणि आता मागितलं तर वर पन्नास.

जाता जाता आमच्या लोकांना पण दोन शब्द, कारण हे पत्र ते पण वाचतील. सुई मारा, बाटली लावा, ‘पावरफुल’ द्या असं डॉक्टरच्या मागे लागणारे आपणच आहोत. दोन दिवसांत गुण नाही आला की डॉक्टर बदलणारे पण आपणच. मी स्वतः कॉलेजपासून तेच करत आलोय. अडीच वर्षांत एकदा पण मी आईला विचारलं नाही की तू रोज काय गिळतेस, पगार झाला की पैसे पाठवले, झालं. ही चूक माझी, डॉक्टरांवर ढकलत नाही. आणि हे वाचून घरातल्या म्हाताऱ्यांची पुडी एकदम बंद करू नका, आमच्याकडे नेमकं तेच झालं. आधी डॉक्टरला विचारा त्यात काय आहे.

तर माझं, आणि गावातल्या ज्यांना ज्यांना मी हे वाचून दाखवलं त्यांचं म्हणणं असं:

निळा बोर्ड काढा. चिठ्ठीचे वेगळे पैसे घेणं बंद करा. फी वाढवायची असेल तर सरळ वाढवा, आम्ही कुरकुर करू आणि देऊ.

औषध दवाखान्यातून देत असाल तर स्ट्रिप कापून द्या, नावाची बाजू राहील अशी. डब्यातलं सुटं द्यावंच लागलं तर छोट्या प्लास्टिकच्या पिशवीत, आणि वर औषधाचं नाव, किती मिलिग्रॅम, कधी घ्यायचं हे मराठीत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी सूर्य आणि चंद्र काढा, काही सरकारी फार्मासिस्ट पाकिटावर काढतात तसं.

स्टिरॉइड देत असाल तर तोंडाने सांगा की हे स्टिरॉइड आहे. किती दिवस द्यायचंय, मध्येच बंद केलं तर काय होतं ते सांगा, आणि कागदावर तो शब्द लिहा. कधीकधी ते द्यावंच लागतं हे पुण्याच्या मॅडमनी पण मान्य केलं, आईला आज पण त्यांनी तेच दिलंय, पण हिशोबाने, दर थोड्या दिवसांनी कमी करत, आणि फाईलच्या पहिल्या पानावर लाल पेनाने लिहून.

जुन्या पेशंटने आपल्या औषधांची यादी मागितली तर ती द्या. रजिस्टर नसेल तर आजपासून चालू करा, मागचं कुणी विचारणार नाही. निदान मी तरी नाही.

असोसिएशनने पुढच्या मीटिंगमध्ये हा विषय घ्यावा आणि काय ठरलं ते त्याच प्रेसमध्ये, त्याच निळ्या अक्षरात छापून त्याच खिडकीवर लावावं. महिनाभर वाट बघतो. नाहीच काही झालं तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा ऑफिसला अर्ज देणार, त्यात पण कुणा एकाचं नाव नसेल, फक्त शेड्यूल के च्या नोंदी तपासा एवढंच असेल.

आई पुढच्या सोमवारी गावी परत येतेय. पुण्यात तिला करमत नाही, आणि ताप खोकल्याला ती तुमच्याकडेच येणार, दुसरं आहे कोण. शुगर आता खाली आलीय, ती गोळी मॅडमनी निम्मी केलीय, चेहरा पण उतरलाय. शेजारच्या काकू आता म्हणतील म्हातारी खंगली. तिच्या हातात एक निळी प्लास्टिकची फाईल असेल, पहिल्या पानावर लाल अक्षरात सगळं लिहिलंय ते आधी वाचा. मागे मी दहा कोरी पानं लावून दिलीत आणि तिला सांगून ठेवलंय की डॉक्टरने जे दिलं ते त्या पानावर लिहून घेतल्याशिवाय खिडकीवरून हलायचं नाही. ती हलणार नाही, मी ओळखतो तिला. लाईन खोळंबेल, तेवढं सांभाळून घ्या.

आपला,
तुमच्याच एका पेशंटचा मुलगा